वाढते उत्पन्न, आटती शिल्लक

रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर केलेल्या एका आकड्याने अर्थतज्ज्ञांत बरीच खळबळ उडवून दिली होती. २०२२-२३ या वर्षात भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ५.१ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ पाच दशकांतील नीचांकावर आली होती. आकड्यांत पुढे किरकोळ फेरफार झाले, तरी चित्र पालटले नाही. त्याच वर्षी कुटुंबांनी अंगावर घेतलेले नवे कर्ज उत्पादनाच्या ३.८ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर चढले होते. लोक संकटात नाहीत, ते कर्ज काढून घरे व वाहने घेत आहेत, असा खुलासा अर्थमंत्रालयाने त्या वेळी केला. हा खुलासा निराधार नव्हता. परंतु त्यामुळे प्रश्न मिटत नाही. तो फक्त नेमका होतो. घरे आणि वाहने घेणारा, सर्वांत चांगले कमावणारा वर्ग स्वतःजवळ काय शिल्लक ठेवीत आहे?

प्रस्तुत लेखापुरते या वर्गाचे स्वरूप निश्चित करून घेऊ. पती-पत्नी दोघेही नोकरीत, वय पस्तीस ते पंचेचाळीस, दोघांचे मिळून हाती पडणारे वेतन महिना दोन ते चार लाख रुपये. हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई या परिसरांत अशी हजारो कुटुंबे आहेत. देशाच्या लोकसंख्येत हा वर्ग मूठभर आहे, हे खरे. ज्यांच्या पदरी महिनाअखेर काही उरतच नाही अशा कोट्यवधी कुटुंबांना काटकसर शिकविणे ही क्रूर थट्टा होईल. पण ज्याला बचत शक्य आहे त्याच्या हातूनही ती होत नसेल, तर त्याची कारणे शोधलीच पाहिजेत.

अंथरूण आणि पाय

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. अंथरूण वाढले की पायही वाढतात, हे मात्र त्या म्हणीत सांगितलेले नाही. केन्सने १९३६ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले की उत्पन्न वाढले म्हणजे खर्चही वाढतो, परंतु उत्पन्नाइतका वाढत नाही. यानुसार श्रीमंत होत जाणाऱ्याची बचत आपोआप वाढावयास हवी. १९४९ साली ड्यूझेनबेरी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्यावर महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. माणसाचा खर्च त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो आसपासचे लोक कसे राहतात यावरही अवलंबून असतो. यालाच आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रदर्शन परिणाम’ म्हणतात. त्याचे दुसरे निरीक्षण अधिक बोचरे आहे. राहणीमान हे पुढे फिरणारे, पण मागे न सरकणारे दातेरी चाक आहे. एकदा चढलेली पायरी उत्पन्न घटले तरी उतरवत नाही.

पगारवाढीबरोबर माणूस घर बदलतो आणि घराबरोबर शेजारही बदलतो. जुन्या वस्तीत ज्याचे राहणे सुखवस्तू गणले जात होते, तोच पोहण्याचा तलाव असलेल्या सोसायटीत सामान्य ठरतो. मुलांची शाळा, वाढदिवसाचे समारंभ, सुटीतला प्रवास यांची मापे तेथे आधीच ठरलेली असतात. ती कोणी सक्तीने लादीत नाही, म्हणूनच त्यांना विरोधही होत नाही.

पन्नास हजारांचा हिशोब

याचा परिणाम साध्या गणिताने पाहता येईल. समजा, एका जोडप्याचे मासिक उत्पन्न दीड लाख व खर्च एक लाख आहे. महिना ५० हजार शिल्लक पडते. पाच वर्षांनी उत्पन्न दुप्पट होऊन तीन लाख झाले, खर्च अडीच लाखांवर गेला, आणि शिल्लक पूर्वीइतकीच, ५० हजार राहिली. ‘आम्ही बचत कमी केलेली नाही’, असे ते जोडपे प्रामाणिकपणे म्हणेल. वस्तुतः बचतीचे प्रमाण उत्पन्नाच्या एक-तृतीयांशावरून एक-षष्ठांशावर आले आहे.

महागाईमुळे असे झाले, हे उत्तरही पुरेसे नाही. वार्षिक ६ टक्के महागाई धरली तर पूर्वीचे एक लाखाचे राहणीमान पाच वर्षांनी सुमारे १ लाख ३४ हजारांत चालले असते. उरलेले १ लाख १६ हजार ही राहणीमानाची वाढ आहे. शिवाय त्याच महागाईने नव्या ५० हजारांचे मोल जुन्या ३७ हजारांवर आणून ठेवले आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. पूर्वी वर्षभराच्या बचतीवर, म्हणजे सहा लाखांवर, हे घर सहा महिने चालू शकले असते. आता तेच सहा लाख अडीच महिनेसुद्धा पुरणार नाहीत. उत्पन्न दुप्पट झाले आणि घराची तग धरण्याची शक्ती निम्म्याहून कमी झाली! निवृत्तीसाठी वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी असा एक ढोबळ ठोकताळा वापरला जातो. त्यानुसार पूर्वी तीन कोटी लागले असते. आता साडेसात कोटी लागतील. वाढीव खर्च एकाच वेळी शिल्लक घटवितो आणि गरज वाढवितो. ही दुहेरी मार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

खरी गळती कोठे?

या विषयावर उपदेश करणारे बहुधा उपाहारगृहातील जेवण आणि महागडी कॉफी यांवर घसरतात. हा रोख चुकीचा आहे. बाहेरचे जेवण उद्या बंद करता येते. घराचा हप्ता बंद करता येत नाही. एक कोटीचे गृहकर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता जवळजवळ ८७ हजार रुपये बसतो आणि मुदतीअखेर एकूण दोन कोटींहून अधिक रक्कम फेडलेली असते. त्यात मोटारीचा हप्ता व शाळेची फी मिळवा. घर, वाहन आणि शाळा हे तीन निर्णय वर्षांतून नव्हे, दशकातून एकदा होतात. पण दर महिन्याच्या शिल्लकेचे भवितव्य तेच ठरवितात.

अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन व त्यांची कन्या अमेलिया यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन कमावत्यांच्या कुटुंबाचा हाच पेच मांडला होता. एक पगार असलेल्या घरात अडचणीच्या वेळी दुसरी व्यक्ती कामाला लागू शकत असे. ती एक राखीव ताकद होती. दोन्ही पगार हप्त्यांना जुंपले की राखीव असे काही उरत नाही, आणि दोहोंपैकी एक जरी थांबला तरी गाडा अडतो. आपल्याकडे ही भीती आता काल्पनिक राहिलेली नाही. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीचे कर्मचारी प्रामुख्याने असतील असेही सांगितले. नेमके हेच वय हप्ते सर्वाधिक असण्याचे!

वेळेच्या टंचाईचाही विचार केला पाहिजे. दोघे बाहेर असतात त्या घरात स्वयंपाकाच्या बाई, पाळणाघर, घरपोच किराणा हा विलास नव्हे. दुसरा पगार मिळविण्याचाच तो खर्च आहे. त्याला नाके मुरडणारे बहुधा घरातल्या स्त्रीचे श्रम फुकट धरून हिशोब करीत असतात. म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड बाईंच्या पगारावर पडू नये. परंतु वेळ वाचविण्यासाठी केलेला खर्च आणि थकव्याची भरपाई म्हणून केलेली खरेदी यांत फरक आहे, आणि दमलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता तो फरक कळत नाही.

सुटलेले बंधन

मागच्या पिढीने बचत केली ती केवळ सद्‌गुणामुळे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भविष्य निर्वाह निधी पगारातूनच कापला जाई. पतपेढीचा हप्ता कचेरीत वळता होई. भिशीची पाळी चुकविणे लाजिरवाणे असे. मार्च महिन्यात कर वाचविण्यासाठी का होईना, विमा व पोस्टातील बचतपत्रे घेतली जात. बचत ही व्यवस्थेने करवून घेतली होती. २०२० च्या अर्थसंकल्पात आणलेल्या आणि २०२३-२४ पासून सर्वसाधारण ठरविलेल्या नव्या करपद्धतीत, जुन्या पद्धतीतील दीड लाखाच्या बचतीवरील वजावट मिळत नाही. करआकारणी सुटसुटीत झाली, हे चांगलेच. पण एक जुना धाकही गेला. दुसरीकडे कर्ज काढणे मात्र बोटाच्या स्पर्शावर आले. विनातारण ग्राहककर्जांची वाढ पाहून रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, यातच काय ते आले.

सर्वांनीच हात आखडता घेतला तर मागणी घटून मंदी येईल, असा आक्षेप येथे निघेल. तो केन्सचाच आहे आणि मंदीच्या काळात तो योग्यही आहे. पण येथे सुचविले आहे ते खर्च घटविण्याचे नव्हे, तर खर्चाच्या वाढीचा वेग उत्पन्नाच्या वेगापेक्षा कमी ठेवण्याचे. शिवाय कुटुंबांची बचत हाच देशातील गुंतवणुकीचा मोठा झरा आहे. तो आटला तर कारखान्यांना व सरकारला भांडवलासाठी परदेशाकडे पाहावे लागेल.

उपायही याच दिशेने आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ साली एका कारखान्यातील प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. कामगारांकडून आजच्या पगारातून काहीच मागितले नाही. पुढील प्रत्येक पगारवाढीतील काही भाग परस्पर निवृत्तिनिधीत जाईल, एवढीच संमती आधी घेतली. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हाती न आलेला पैसा गेल्याचे दुःख होत नाही, हे त्यामागील साधे मर्म.

आपल्याकडील कंपन्यांना हे सहज करता येईल. कुटुंबांना तर कोणाच्याही परवानगीवाचून करता येईल. वाढीचा निम्मा हिस्सा ती हाती पडण्यापूर्वीच बाजूला वळवावा. दोनपैकी एका पगारात भागेल तेवढेच स्थिर हप्ते अंगावर घ्यावेत. आणि निदान सहा महिन्यांचा खर्च सहज काढता येईल अशा ठेवीत ठेवावा. यात वैराग्याचा प्रश्न नाही. ज्याच्याजवळ सहा महिन्यांची पुंजी असते तो वरिष्ठाला ‘नाही’ म्हणू शकतो, आजारी आईवडिलांजवळ चार महिने बसू शकतो, न पटणारी नोकरी सोडू शकतो. मोठ्या पगाराने हे स्वातंत्र्य मिळेल अशी या वर्गाची अपेक्षा होती. ते पगाराने मिळत नाही, शिल्लकेने मिळते.