सांगणाऱ्याचा लाभ काय?

परसवाड्याहून (जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश) नागपूरला निघालेला माणूस बालाघाटमार्गे गोंदियाला मोठ्या रेल्वेवर येतो. याच रेल्वेने नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा उतारू भेटला, बोलणे रंगले आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

आज अशा डब्यात कोणी बायबल पुढे केले तर आपला विद्यार्थी आधी विचारील, "यात तुमचा लाभ काय?" हल्लीच्या काळाला उत्तर-आधुनिक म्हणतात. सर्वांसाठी एकच सत्य, असे कोणी म्हणताच त्यामागची सत्ता शोधायची, ही त्याची रीत. पुष्कळ उपदेशकांना ही आपत्ती वाटते. मला हा प्रश्न रास्त वाटतो.

आमच्या भागात तर तो जुनाच आहे. बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात असताना, १९५४ साली, सरकारने नियोगी समिती नेमली. दवाखाने, शाळा आणि कर्जाऊ पैसा यांच्या आडून आदिवासींचे धर्मांतर होते, असा ठपका तिने १९५६ च्या अहवालात ठेवला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात त्यासंबंधी कायदा झाला. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा आला, त्यात साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याचे कलम घातले गेले. शहाण्यासुरत्या माणसाने आपली श्रद्धा कचेरीत आगाऊ नोंदवावी, हे मला मुळीच पटत नाही. पण म्हणून ख्रिस्ती माणसाने समितीचा प्रश्न झटकून टाकावा, असेही नाही.

व्हेरिअर एल्विन १९३२ साली तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात, करंजियाला, गोंडांत राहायला आले ते पाद्री म्हणून. त्यांनी मनापासून ऐकले, बैगांवर १९३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मात्र ऐकता ऐकता ते चर्चमधूनच बाहेर पडले. मग ऐकणारा सांगू शकतच नाही काय?

लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. सोवळेओवळे मनातून गळाले तेव्हा, १९०० साली, स्वतःच्या पायांनी गेल्या. हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि नवऱ्याची यथेच्छ थट्टाही आहे! ते पुस्तक सर्व जातिधर्मांचे मराठी वाचक आवडीने वाचतात. आपल्याला उपदेश होतो आहे, अशी शंका कोणालाही येत नाही.

टिळकांनी सांगणे सोडले नाही. अभंग रचले, कीर्तने केली. लाभाच्या प्रश्नालाही उत्तर दिले, पण उशिरा: १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले. प्रयोग अर्धा राहिला.