गप्पांचा कोपरा : आपले सिनेटर ब्रॅडली



दिवाळीच्या कार्यक्रमात मध्यंतराला चिवड्याच्या बशा घेऊन आमचा नेहमीचा घोळका भिंतीशी उभा होता. विषय निघाला सचिनचा. २०१२ साली त्याला राज्यसभेवर नेमलं, सहा वर्षं तो खासदार होता आणि तिथल्या हजेरीवरून वर्तमानपत्रांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. घोळक्यातले एक काका म्हणाले, "खेळाडूंनी खेळावं. राजकारणात लुडबुड कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आपल्या ब्रॅडलींना विसरलात वाटतं!" काका गप्प झाले, पण शेजारी उभ्या असलेल्या तरुण जोडप्याला ते नावच ठाऊक नव्हतं. ज्या न्यू जर्सीत आपण घरं घेतली, मुलं वाढवली, तिचा हा माणूस अठरा वर्षं सिनेटर होता. तेव्हा या अंकात त्यांच्याविषयी.

एक आधीच सांगून ठेवतो. खेळाडू असेपर्यंत मी त्याला 'तो' म्हणणार आणि सिनेटर झाल्यावर 'ते'. मराठीत ही सोय आहे, तर वापरू या.

बिल ब्रॅडली १९४३ साली मिझुरी राज्यातल्या क्रिस्टल सिटी या लहानशा गावात जन्मला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. उंची होती, पण नुसत्या उंचीवर भागणार नाही हे पोराला लवकर कळलं होतं. शाळा सुटल्यावर रोज साडेतीन तास सराव, शनिवारी तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. बुटात शिशाची वजनं घालून उड्या मारायच्या. चश्म्याच्या खालच्या कडेला पुठ्ठा चिकटवायचा, म्हणजे हातातला चेंडू दिसत नाही आणि न बघता टप्पे मारायची सवय लागते. आमच्या घरी हा पुठ्ठ्याचा किस्सा फार वापरला गेला. ड्राइव्हवेवर बास्केटबॉलचा खांब उभा केला त्या वर्षी चिरंजीव म्हणायचे, "बघा, तो किती तास खेळायचा!" आणि सौ. म्हणायची, "खेळायचा, पण गेला कुठे? प्रिन्स्टनला!" दोघांचंही खरं होतं, त्यामुळे मी मध्ये पडत नसे.

प्रिन्स्टनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मोठमोठी कॉलेजं फी, राहणं, खाणं सगळं द्यायला तयार असताना तो गेला अशा ठिकाणी, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. आणि आपल्यातल्या पालकांनी जरा खुर्ची धरून बसावं: त्याचे एसएटीतले इंग्रजीचे गुण होते ४८५. या गुणांवर आपण आपल्या मुलाला उन्हाळाभर क्लासला बसवलं असतं. पुढे हाच मुलगा इतिहास घेऊन पदवीधर झाला आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. प्रिन्स्टनमधला त्याचा प्रबंध कशावर होता? मिझुरीतल्या हॅरी ट्रूमन यांच्या १९४० सालच्या सिनेटच्या निवडणुकीवर. म्हणजे राजकारणाचा किडा तेव्हापासूनचा. बास्केटबॉल संपल्यावर वेळ जात नाही म्हणून निवडणुकीला उभा राहिलेला हा माणूस नव्हे.

त्याच्याविषयी जॉन मॅकफी यांनी १९६५ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. इथल्याच लॉरेन्सव्हिल शाळेच्या जिममध्ये तो सराव करत होता. ओळीने सहा फेकी हुकल्या. जरा थांबला, अंदाज बदलला आणि चेंडू पुन्हा जाऊ लागले. मग मॅकफींना म्हणाला, ही बास्केट इंचदीड इंच खाली आहे. काही दिवसांनी मॅकफी शिडी आणि टेप घेऊन गेले. बास्केट दहा फुटांवर हवी, तर ती सव्वा नाही, पण एक आणि एक अष्टमांश इंच खाली भरली! आमच्याकडे गवंड्याला लेव्हल बाटली लावूनही इतकं कळत नाही.

१९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेच्या संघातून सुवर्णपदक मिळवलं. (त्याच टोकियोत आपण हॉकीत पाकिस्तानला हरवलं होतं, हे काकांना सांगायला नको.) १९६५ च्या कॉलेज स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात विचिटा स्टेटविरुद्ध एकट्याने ५८ गुण केले. एवढं झाल्यावर सगळा देश व्यावसायिक संघात त्याची वाट बघत असताना तो दोन वर्षं ऑक्सफर्डला जाऊन बसला.

१९६७ साली न्यूयॉर्क निक्समध्ये आला तेव्हा मोठा करार झाला म्हणून त्याला 'डॉलर बिल' म्हणू लागले. पहिलं वर्ष वाईट गेलं, प्रेक्षक हुर्यो करत. जागा बदलून तो फॉरवर्डला खेळू लागला आणि गाडी रुळावर आली. विलिस रीड, वॉल्ट फ्रेझियर, डिक बार्नेट, डेव्ह डिबुशर आणि हा, अशा पाच जणांनी १९७० साली निक्सला पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. १९७३ साली दुसरं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दोन गोष्टी तो खेळताना शिकला आणि सिनेटमध्ये घेऊन गेला. पहिली पैशाची. संघाचा मालक खेळाडूच्या करारावर यंत्रावर काढतात तसा घसारा काढून कर वाचवतो, हे त्याला समजलं. जिवंत माणूस आणि त्याच्यावर घसारा! करांचे कायदे असे का, हा प्रश्न तेव्हा डोक्यात बसला. दुसरी गोष्ट रंगाची. आपल्याहून सरस कृष्णवर्णीय सहकारी असताना जाहिरातवाले आपल्याकडे येतात, ते आपण गोरे म्हणून, हे त्याने ओळखलं आणि जाहिराती नाकारल्या. सोडलेल्या पैशाचा हिशेब लोक विसरतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

१९७८ साली जेफ्री बेल यांचा पराभव करून ते सिनेटवर निवडून आले. भाषण अगदी रटाळ. खाली मान घालून आकडे वाचणारे. पण १९८६ च्या करसुधारणा कायद्यामागे ज्यांची चिकाटी होती, त्यांत ब्रॅडली पहिल्या रांगेत. कराचा वरचा दर ५० टक्क्यांवरून २८ वर आला आणि बदल्यात पळवाटा बुजवल्या. जुन्या मंडळींना आठवत असेल, क्रेडिट कार्डाच्या आणि गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट टप्प्याटप्प्याने गेली. कर वाचवायला अपार्टमेंटच्या इमारतींत पैसे अडकवलेल्या आपल्या काही डॉक्टर मित्रांचे चेहरे त्या वर्षीच्या गणपतीत बघण्यासारखे होते. पगारदार माणूस मात्र खूश होता.

१९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी आपल्या लोकांवर हल्ले सुरू केले. डॉट म्हणजे आपलं कुंकू. कित्येक बायका तेव्हा टिकली काढून पर्समध्ये ठेवत आणि घरी आल्यावर पुन्हा लावत. म्हणून १९९२ मध्ये रॉडनी किंगला मारणारे पोलीस सुटले, तेव्हा सिनेटमध्ये ब्रॅडलींनी केलेलं भाषण मला विसरता येत नाही. ८१ सेकंदांत ५६ फटके पडले होते. त्यांनी हातातल्या पेन्सिली समोर आपटल्या, एकदा, दोनदा, छप्पन वेळा. रटाळ म्हणून ज्यांना हसलो, तेच हे. आमच्या बैठकीच्या खोलीत कोणी बोलेना. सौ. हात कपाळाला लावून बसली होती.

आता कबुली. १९८९ साली मी नागरिक झालो आणि १९९० ची सिनेटची निवडणूक ही माझी पहिली. त्या वर्षी गव्हर्नर फ्लोरिओ यांनी २८० कोटी डॉलरचे कर वाढवले होते. विक्रीकर सहाचा सात टक्के झाला, टॉयलेट पेपरसुद्धा सुटला नाही. लोक भडकले होते. कर हा ज्यांचा हातखंडा विषय, त्या ब्रॅडलींना जो तो विचारी, तुमचं मत काय? ते म्हणत, हा राज्याचा प्रश्न आहे. बरोबर की चूक, काहीतरी बोला ना! पण नाही. मला तो मोठ्या माणसाचा मुखदुर्बळपणा वाटला. मी रागाने फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांना मत दिलं आणि घरी सांगितलं नाही. ब्रॅडली अवघ्या तीन टक्क्यांनी वाचले. १९८४ साली त्यांना ६४ टक्के मतं पडली होती. रात्री निकाल बघताना माझ्या पोटात गोळा आला होता, की हा माणूस खरोखरच पडला तर त्यात माझंही एक बोट असेल. व्हिटमनबाई पुढे १९९३ मध्ये फ्लोरिओंनाच हरवून गव्हर्नर झाल्या.

ब्रॅडलींनी १९९५ मध्ये पुन्हा न लढण्याचं जाहीर केलं आणि नंतर २००० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी अल गोर यांच्याशी सामना मांडला. न्यू हॅम्पशायरमध्ये थोडक्यात हरले, पुढे एकही राज्य मिळालं नाही. काका विचारतील, मग उपयोग काय? मी म्हणेन, २८ टक्क्यांचा हिशेब काढा आणि त्या छप्पन ठोक्यांचाही.

त्या वर्षी मी ठरवलं होतं, १९९० चं मत फेडायचं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीसाठी नाव नोंदवून ठेवलं. पण न्यू जर्सीचं मतदान जूनमध्ये, आणि ब्रॅडलींनी ९ मार्चलाच माघार घेतली. या खेपेला मात्र घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "दहा वर्षं थांबलात कशाला?"