मुलांचें नाटक व थोरांचा विवेक

शाळेंतील मुलांच्या उपक्रमांत कांहीं आक्षेपार्ह दिसलें, तर पालकांनीं प्रथम कोणाकडे जावें? शिक्षकाकडे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सीमाभागांतील बीदर येथें शाहीन शाळेच्या मुलांनीं जानेवारी २०२० मध्यें नागरिकत्व-कायद्यावर एक नाटक केलें. त्याची चित्रफीत पसरली आणि एका त्रयस्थानें थेट राजद्रोहाची फिर्याद गुदरली. एक शिक्षिका व एक माता तुरुंगांत गेल्या. कोवळ्या मुलांचे जबाब पोलिसांनीं वारंवार घेतले. जून २०२३ मध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें ती फिर्याद रद्द केली. पंतप्रधानांविषयींचीं वाक्यें अनुचित होतीं, परंतु तो राजद्रोह नव्हे, असा निर्णय झाला.

निर्णय लागला, तरी मुलांच्या मनांत बसलेली भीति कोण काढणार? अनुचित शब्द सुधारणें हें गुरूचें काम. त्यासाठीं पोलिसांस पाचारण कशास? अर्थात् मुलांच्या तोंडीं कोणतें वाक्य घालावें, याचा विचार शिक्षकानेंही आधींच केला पाहिजे.

पळसदरीच्या पालकांस आमची विनंती हीच कीं, शंका आल्यास शाळेचें दार उघडें आहे. आधीं विचारावें, मग न्याय करावा.