म्हाताऱ्यांची मराठी

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात वॉल्सिंगहॅम नावाचे खेडे आहे. १०६१ मध्ये एका बाईने मेरीमातेच्या नाझरेथच्या घरासारखे घर तेथे बांधले, अशी भाविकांची श्रद्धा. राजेही तेथे यात्रेला येत. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत ते मोडले गेले. तरी लोक विसरले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यात्रा पुन्हा सुरू झाली आणि १९३१ मध्ये नवे घर उभे राहिले.

असे मध्ययुगीन क्षेत्र पाहायला वऱ्हाडच्या माणसाने साता समुद्रांपार कशाला जावे? मोर्शी तालुक्यातले आपले रिद्धपूर आहेच की! तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू येथे राहिले. कोणाच्याही दारी जावे, कोणाच्याही घरचे खावे, अशी त्यांची रीत. गावच्या बायाबापड्यांनी त्यांनाच आई मानले आणि त्यांनाच बाप. महदाइसेने धवळे रचले ते त्यांच्याच लग्नसोहळ्याच्या निमित्ताने. म्हाइंभटांचे लीळाचरित्रही रिद्धपूरचेच.

या पंथाने मराठी का धरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. केशोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. अशाने आमच्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी. पंडितांच्या मानापेक्षा म्हातारीची समज त्यांना मोठी वाटली.

दैव असे, की पुढे हेच वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकात राजवाडे, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते अशा अभ्यासकांच्या कष्टाने ते सर्वांपुढे आले.

२०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण ज्या भाषेचे एकदा कुलूप निघाले, तिला परिपत्रकी मराठीचे दुसरे कुलूप लागू नये. विद्यापीठाच्या पोरांनी यात्रेला आलेल्या आजीबाईंजवळ बसावे, तिचे वऱ्हाडी शब्द टिपावेत, आणि आपण लिहिलेले तिला वाचून दाखवावे. तिला कळले, तर ते रिद्धपूरचे.

आणि आपण? एखाद्या रविवारी घरच्या म्हातारीला घेऊन रिद्धपूरला जाऊन यावे. जाताना तिला बोलू द्यावे.