चिंगीला कोणी नेलं?

मागच्या मे महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आमची चिंगी खुराड्यात परतली नाही. चिंगी म्हणजे बफ ऑर्पिंग्टन जातीची, सोनेरी पिसांची, तीन-साडेतीन किलोची कोंबडी. पेनसिल्व्हेनियात गावाबाहेर आमची थोडी जागा आहे: घर, भाज्यांचे वाफे, पाच कोंबड्या आणि मागे जंगल. अंधार पडायच्या आत चार कोंबड्या नेहमीसारख्या दांडीवर येऊन बसल्या, पाचवी आली नाही. टॉर्च घेऊन तासभर शोधलं. कुठे पीस नाही, रक्त नाही, कुंपणाला भोक नाही.

तुम्ही म्हणाल, एका कोंबडीवर काय लेख लिहायचा? पण हा लेख खरं तर माझ्यावर आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना "पुरावा दाखवा, मग बोला" असं रोज सांगणारी मी पुढचे दोन दिवस कशी वागले, ते सांगण्यासारखं आहे.

नवरा म्हणाला, ससाण्यानं नेली. आठवडाभर एक रेड-टेल्ड हॉक शेतावर घिरट्या घालत होता, तो त्याच्या डोक्यात बसला होता. माझा संशय शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर होता, कारण शनिवारी तो आमच्या कुंपणाशी दिसला होता. मी शेजाऱ्यांना मेसेज केला. शब्द सभ्य होते, पण अर्थ उघड होता. त्यांनी एका ओळीत माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्रा साखळीला बांधला. आमच्या सात वर्षांच्या मुलीनं लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे त्यानंच खाल्लं!" तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. पुरावा नसताना शिक्षा झाली होती, आणि आता शिक्षाच पुरावा ठरत होती.

मंगळवारी आईचा साताऱ्याहून फोन आला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, खुडूक झाली असेल. बसली असेल कुठंतरी झुडपात अंडी घेऊन. एकवीस दिवस वाट बघ की!"

खुडूक कोंबडी आडोशाला अंडी घालते आणि त्यांच्यावर ठाण मांडते. खाण्या-पिण्यासाठी दिवसातून थोडा वेळच उठते. अंडी फळायला एकवीस दिवस लागतात. आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणजे पिल्लं होणार नव्हती, पण खुडूक व्हायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. शिवाय ऑर्पिंग्टन ही जात खुडूक होण्यासाठी प्रसिद्धच आहे. घरात दोन पीएचडी असून ही शक्यता आम्हाला सुचली नव्हती. आम्ही सुरुवातच "कोणी नेली?" या प्रश्नापासून केली होती. कोणीतरी नेली आहे, हे गृहीतच धरलं होतं.

मग कागद घेऊन बसले. प्रत्येक शक्यतेपुढे एकच प्रश्न लिहिला: हे खरं असतं, तर मागे काय उरलं असतं?

रेड-टेल्ड हॉकचं वजन साधारण एक ते दीड किलो. त्याच्या दुप्पट वजनाची कोंबडी तो मारू शकेल, पण उचलून नेणं जवळपास अशक्य. तो तिथेच बसून पिसं उपटून खाणार, म्हणजे पिसांचा सडा पडणार. कुत्राही बहुधा झटापट करून मेलेली कोंबडी तिथेच टाकून जातो. कोल्ह्याचं वेगळं. तो अख्खी कोंबडी तोंडात धरून पसार होतो, आणि वसंतात घरी पिल्लं असल्यामुळे दिवसाढवळ्याही शिकार करतो. म्हणजे चिंगीचं एकही पीस न सापडणं हा ससाणा आणि कुत्रा यांच्या विरुद्धचा नव्हे, तर त्यांच्या बाजूचा पुरावा होता! आम्ही नेमके तेच दोघे पकडले होते, कारण ते दोघे आम्हाला दिसले होते. कोल्हा दिसला नव्हता, म्हणून सुटला.

ही चूक एका घरापुरती असती तर एवढं लिहिलं नसतं. १८८५ साली आमच्या याच राज्यानं एक कायदा केला. कोंबड्यांचे शत्रू म्हणून ससाणे, घुबडं, वीझल आणि मिंक यांच्या प्रत्येक मुंडक्यामागे ५० सेंट इनाम. लोक बंदुका घेऊन निघाले आणि राज्यानं सुमारे ९०,००० डॉलर वाटले. अमेरिकी कृषी खात्यातल्या सी. हार्ट मेरियम यांनी मग हिशोब मांडला: दीड वर्षात वाचलेल्या कोंबड्यांची किंमत १,८७५ डॉलर. उलट उंदीर आणि किडे खाणारे हे प्राणी मारल्यामुळे शेतीचं झालेलं नुकसान, त्यांच्या अंदाजानं, ३८ लाख डॉलरच्या वर. १८८७ साली कायदा रद्द झाला.

पुढे १८९३ साली ए. के. फिशर यांनी ससाण्या-घुबडांच्या पोटात काय सापडतं, ते छापलं. रेड-टेल्ड हॉकची ५६२ पोटं तपासली होती. त्यातल्या ५४ पोटांत कोंबड्या किंवा शिकारीचे पक्षी होते, आणि २७८ पोटांत उंदीर. ससाणा अगदी निर्दोष नव्हता, पण शेतकऱ्याचा शत्रूही नव्हता. तरी या शिकारी पक्ष्यांना स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळायला १९७२ साल उजाडलं.

चिंगीचं काय झालं? एकवीस दिवस आम्ही रोज झुडपं, लाकडांचा ढीग, शेडच्या खालची पोकळी पाहिली. नंतरही आठवडाभर पाहिली. ती आली नाही. कोल्ह्याचा संशय मला सर्वात जास्त वाटतो, पण तो संशयच आहे. मुलीला मी तेच सांगितलं. "मग आता काय करायचं?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. उपाय करायला गुन्हेगार सापडावा लागत नाही. खुराड्याची कोंबड्यांची जाळी काढून अर्ध्या इंची भोकांची मजबूत तारेची जाळी लावली. नेहमीच्या जाळीनं कोंबड्या आत राहतात, पण रॅकून ती फाडतो. मोकळ्या फिरण्याच्या जागेवर वरूनही जाळी टाकली. दार सूर्यास्ताला बंद होतं, आणि एक कॅमेरा लावला आहे. कोल्हा असो, ससाणा असो वा कुत्रा, हे उपाय सगळ्यांना लागू आहेत, आणि त्यात कोणाचा जीव जात नाही. "चोर पकडल्याशिवाय कुलूप लावणार नाही" असं आपण घराच्या बाबतीत कधी म्हणतो का?

"माहीत नाही" म्हणणं म्हणजे हात झटकणं, असा आपला समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. "माहीत नाही" म्हणून शक्यता मांडायच्या, त्या तपासायच्या आणि तोवर सर्वांना पुरेल असं कुलूप लावायचं, हे बरंच कष्टाचं काम आहे. एखाद्यावर बोट ठेवणं त्यापेक्षा खूप सोपं.

एक काम मात्र जाळीनं होण्यासारखं नव्हतं. मुलीला घेऊन शेजाऱ्यांकडे गेले, कागदावरचा तर्क समजावून सांगितला आणि माफी मागितली. ते हसले, म्हणाले, कोंबडी गेली की असं होतंच. कुत्र्याची साखळी त्यांनी अजून सोडलेली नाही. रोज संध्याकाळी कोंबड्या मोजताना ती मला दिसते.