‘बेसिक यूज’ म्हणजे नक्की काय हो?

दिवाळीचा बोनस असो की कॉलेजच्या अ‍ॅडमिशन्स, एक फोन हमखास येतो. ‘अगं, वीस हजारांत एक लॅपटॉप दिसतोय. घेऊन टाकू का? बेसिक यूजच आहे फक्त.’ गंमत म्हणजे विचारणारा बहुतेकदा स्वतःसाठी विचारत नसतो. त्याच्या टेबलावर कंपनीने दिलेलं फर्स्टक्लास मशीन असतं. हा लॅपटॉप जायचा असतो घरी, साताऱ्याला किंवा लातूरला. बीकॉमला गेलेल्या धाकट्या बहिणीसाठी, नाहीतर नुकत्याच रिटायर झालेल्या बाबांसाठी. आणि इथेच सगळी गोची होते. जे मशीन आपल्याला पाच मिनिटं सहन होणार नाही, ते आपण घरच्यांसाठी ‘चालेल की’ म्हणून बिनधास्त उचलतो.

मुळात ‘बेसिक’ हा शब्दच फसवा आहे. २००७ मध्ये असूसचा ‘ई पीसी’ आला, तेव्हा ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी स्टोरेजवर लोक खूश होते. मेल बघायचे, दोन-चार साइट्स उघडायच्या, संपलं. आज बेसिक म्हणजे काय? ब्राउझरमध्ये दहा टॅब, एकीकडे व्हॉट्सअ‍ॅप वेब, मध्येच सरांचं ऑनलाइन लेक्चर, त्यात पीडीएफ उघडी. यातला प्रत्येक टॅब रॅम खातो. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी मशीन गोल-गोल फिरत बसलं, तर ‘बेसिक’ कामच बोंबलतं की!

मग त्या स्वस्त लॅपटॉपच्या डब्यावर काय वाचायचं? ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी असं लिहिलेलं दिसलं, की खुशाल पुढच्या दुकानात जा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान अट नेमकी हीच आहे. म्हणजे पास होण्यापुरते पस्तीस मार्क. ईएमएमसी ही मोबाइल-टॅब्लेटमधली मेमरी, मदरबोर्डलाच चिकटवलेली. एसएसडीपेक्षा बरीच हळू आणि नंतर बदलताही येत नाही. विंडोज आणि त्याची अपडेट्स यातच तिची बरीच जागा जाते. वर्षभराने नवीन मोठं अपडेट येतं, त्याला जागा पुरत नाही आणि मग ताईला फोन : ‘हा काहीतरी मेसेज येतोय, काय करू?’

माझ्या मते ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली जाऊच नये. प्रोसेसरचं टेन्शन त्यामानाने कमी. इंटेलचा २०२३ मधला चार कोअरचा एन१०० सुद्धा साध्या कामाला पुरतो. दोन कोअरचा जुना सेलेरॉन एन४०२० मात्र नको. स्क्रीन फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० असेल तर उत्तम. डोळे बहिणीचेच आहेत ना!

एवढ्या पैशांत हे सगळं नवीन मिळत नसेल तर? सरळ सेकंडहँड बघा. यात कसला आलाय कमीपणा! मोठ्या कंपन्या दर काही वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप विकून टाकतात आणि ते लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात रिफर्बिश्ड म्हणून येतात. दणकट बॉडी, छान कीबोर्ड, बऱ्याच मॉडेल्समध्ये रॅम वाढवायची सोय. फक्त एक खोच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतल्या जवळपास सगळ्या प्रोसेसर्सना घरात घेत नाही. म्हणून मॉडेलच्या नावावर भाळू नका, नंबर वाचा. आय५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय५-७२००यू म्हणजे सातवी. दुकानदार त्यावर काहीतरी जुगाड करून ११ टाकून देईलही, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही. बॅटरी बहुधा दमलेली असते. नवीन बॅटरीचे पैसे किमतीत धरूनच घासाघीस करा.

क्रोमबुक? बाबांसाठी मला आवडतं. पटकन सुरू होतं, व्हायरसची कटकट कमी, बँकेची साइट, यूट्यूब आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल यांना पुरून उरतं. २०२१ पासून आलेल्या मॉडेल्सना दहा वर्षं अपडेट्स देऊ, असं गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलंय. पण ही दहा वर्षं त्या मॉडेलचा हार्डवेअर प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही बिल फाडल्यापासून नाही. तेव्हा शेवटची तारीख बघूनच घ्या. (आणि बाबा सगळं मोबाइलवरच करत असतील, तर त्यांना एकदा विचारा तरी, लॅपटॉप हवाय का म्हणून!)

बीकॉमवाल्या बहिणीला मात्र क्रोमबुक देण्याआधी थांबा. टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर. क्रोमबुकवर ते थेट इन्स्टॉल होत नाही. उद्या एखाद्या सीएकडे आर्टिकलशिप केली, तर डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकनही तिथे अडकेल. दहा हजार वाचवायच्या नादात तिला पुन्हा मैत्रिणीचा लॅपटॉप मागायला लागला, तर काय उपयोग?

शोरूममध्ये गेलात तर डेमो पीसवर एवढं कराच. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडा, एक व्हिडिओ लावा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. तो नव्वद टक्क्यांना टेकला असेल, तर सेल्समनला गोड हसून थँक्यू म्हणा. ‘सर, नो कॉस्ट ईएमआय पण आहे,’ असं तो मागून ओरडेलच.