अंगणातला ठोकळा आणि उत्तनचा धूर

नजरेआड झाले की संपले, हा आपल्या शहरी संसाराचा अलिखित नियम आहे. सकाळी घंटागाडी आली, बादली रिकामी झाली, की वेफर्सची पाकिटे आणि शाम्पूच्या पुड्या यांचा हिशेब मिटला असे आपण समजतो. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे पटणे अवघड. खाते असे मिटत नसते. रक्कम फक्त दुसऱ्याच्या नावे पडते.

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकातली ही रक्कम शहराच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या धावगी डोंगरावर पडत आली आहे. तेथे कचऱ्याला वारंवार आगी लागल्या, धूर खालच्या गावांत शिरला, गावकऱ्यांनी आंदोलने केली. नावाने इंद्रलोकवासी आपण. धूर मात्र मर्त्यलोकाच्या वाट्याला! २००१ साली सव्वापाच लाखांच्या आत असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. डोंगर काही त्या प्रमाणात वाढवून मिळत नाही.

मग या प्लास्टिकचे करायचे काय? एक वाट मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी दाखवली. प्लास्टिकचा बारीक चुरा तापलेल्या खडीवर टाकला की तो वितळून खडीवर पातळ थर बसतो, आणि त्यावर डांबर अधिक घट्ट धरते. २००२ साली त्यांनी महाविद्यालयाच्या आवारातच असा रस्ता केला. २०१५ साली केंद्र सरकारने डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचे आदेश काढले, आणि २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. तिकडे केनियात, नैरोबीला, न्झांबी मातीे या तरुणीने प्लास्टिक आणि वाळू एकत्र तापवून, दाबून फरसबंदीचे ठोकळे केले. २०२० साली संयुक्त राष्ट्रांनी तिचा गौरव केला. या ठोकळ्यात सिमेंटचे काम वितळलेले प्लास्टिकच करते. तो पाणी फारसे पीत नाही आणि सहजासहजी तडकत नाही.

म्हणून लगेच हुरळून जायचे कारण नाही. प्लास्टिक म्हणजे एकच जिन्नस नव्हे. पीव्हीसी तापवले तर आम्लाची विषारी वाफ निघते. म्हणजे निवड आणि कामगाराची सुरक्षितता आधी. प्लास्टिक पेट घेते. तेव्हा आगीची चाचणी झाल्याखेरीज ते घराच्या भिंतीत नको, आवार आणि पदपथ ठीक. झिजून त्याचे सूक्ष्म कण पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत जाणार नाहीत ना, हेही पाहायला हवे. आणि ज्या बाटल्यांना, दुधाच्या पिशव्यांना भंगारवाल्याकडे गिऱ्हाईक आहे, त्या ठोकळ्यात गाडू नयेत. त्यांचा पुन्हा माल होऊ शकतो.

खरा प्रश्न उरतो तो चकचकीत पाकिटांचा. निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने त्यांना भंगारात सहसा भाव नाही, म्हणून कचरा वेचणारी बाई ती उचलत नाही. तिने का उचलावीत? दिवसभर वाकून पोत्यात जे भरायचे, त्यावर तिची चूल पेटते. ठोकळेवाल्याने या पाकिटांना किलोमागे रोख दाम दिला, तर त्यांतली पुष्कळशी डोंगरावर जाण्याआधीच अडतील. तो दाम ठोकळेवाल्याला परवडायचा, तर त्याच्या ठोकळ्याला गिऱ्हाईक हवे.

हे गिऱ्हाईक आपण होऊ शकतो. आवारातली फरशी उखडून नवे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव कोणत्या सोसायटीत येत नाही? त्या वेळी टाकाऊ प्लास्टिकच्या ठोकळ्यांचेही दरपत्रक मागवावे. सोबत मजबुतीचे आणि आगीच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. दर पटला तर निदान एक कोपरा त्या ठोकळ्यांनी बसवून पाहावा. घरात पाकीट धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावे, कारण भाजीच्या देठांनी बरबटलेले प्लास्टिक कोणताच कारखाना घेत नाही. आणि ठोकळे होतात म्हणून पाकिटे वाढवायची, हा उलटा व्यवहार मात्र करू नये. निम्मी पाकिटे घरात आणलीच नाहीत, तर तेवढा धूर कमी.

वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून आपण दोन-दोन तास भांडतो. यंदा त्यातली दहा मिनिटे उत्तनच्या शेजाऱ्यांसाठी काढू या. तेही याच शहराचे करदाते आहेत.